उमलण्याआधीचं पान

किसनची आणि माझी शेवटची भेट पौषात झाली, भातकुलीला, त्याच्या घरी. तो आजारी असल्याचा निरोप त्याच्या बायकोने, रखमावहिनींनी, कापसाच्या एका गाडीवाल्याबरोबर पाठवला होता. निरोप येऊन चार-सहा दिवस झाले तरी मी निघालो नव्हतो. बाजार भरात होता आणि आमचं बोलणं बंद होऊन वर्षं लोटली होती. शेवटी गेलो. खोकून खोकून त्याची छाती भात्यासारखी हलत होती. मी बसलो, इकडचं तिकडचं बोललो, तो नुसता ऐकत राहिला. निघायच्या वेळी त्याने गोधडीखालून हात पुढे केला, माझा हात आत ओढला आणि माझं एक बोट धरून दाबलं. एकच. मी म्हणालो, ''आता कोनता कापूस विकतो रे बावा, पडल्या पडल्या?'' तो हसला. हसता हसता त्याला खोकला आला, वहिनी पाणी घेऊन आल्या आणि मी उठलो... पुढच्या आठवड्यात तो गेल्याची बातमी आली.

त्या एका बोटाचा अर्थ कळायला मला किसनच्या तेराव्यापर्यंत थांबावं लागलं. तो सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे. लिहिणं हा माझा धंदा नाही. अमरावतीच्या बाजारात मला लोक कापसाचा दलाल म्हणून ओळखतात आणि तोंडाचा फाटका म्हणूनही ओळखतात. दोन्ही खरं आहे. डोक्यावर ओझी वाहून मी या बाजारात शिरलो. कोणी हात धरून आत नेलं नाही आणि कोणाचं ऐकून घ्यायची सवय मला लागली नाही.

किसन भेटला तो अकोल्यात, जठारपेठेच्या बाजूला. मी तेव्हा हमाल होतो आणि तो भाजीची पाटी घेऊन बसायचा. त्याचं घराणं माळ्याचं. वांग्याच्या भावावरून आमचं पहिलं भांडण झालं. मी भाव पाडून मागितला तर म्हणाला, ''शेठ, तुया डोक्यावर पोतं हाये अन् तोरा पालखीतला हाये!'' तेव्हापासून रागात असला की तो मला शेठ म्हणे आणि लोभात असला की नाऱ्या. पुढे एका साहेबाच्या बागेत त्याला काम मिळालं. साहेबाची बदली उत्तरेच्या पहाडात झाली तेव्हा तो किसनला बरोबर घेऊन गेला. तिकडे डोंगराच्या उतारावर सरकारने चहाची झाडं लावली होती. किसन त्या झाडांत राहिला, पान तोडायला, मळायला, भाजायला शिकला आणि काही वर्षांनी परत आला तो ओल्या मातीत पुरलेल्या बियांची पेटी घेऊन. निम्म्या बिया वाटेतच उगवल्या होत्या, काही कुजल्या होत्या. उरलेल्या त्याने चिखलदऱ्याच्या डोंगरावर लावल्या. तिथे दुसऱ्या एका साहेबाने बंगला बांधला होता आणि त्याला आपल्या बागेत चहा होतो का ते पाहायचं होतं. आम्हा खालच्या लोकांना तेव्हा चहा म्हणजे साहेबाचं औषध वाटे.

झाडं वाढेपर्यंत किसनला दरवर्षी हिवाळ्यात काम नसे. मी तोवर अमरावतीला येऊन हमालीतून दलालीत आलो होतो. मी त्याला बाजारात बोलावलं, कारण एक गोष्ट मी हेरली होती. त्याचा हात. कापसाची वेचणी एकदाच होत नाही, हे वऱ्हाडात सांगायला नको. पहिल्या वेचणीचा कापूस स्वच्छ आणि चिवट, दुसरीचा बरा, आणि शेवटचा माघ-फाल्गुनात निघतो तो मऊ, पिवळसर, वाळल्या पाल्याने भरलेला. भाव चढले की लोक शेवटच्या वेचणीचा माल पहिलीच्या पोटात दडवतात. किसन गाडीत कोपरापर्यंत हात घाली, डोळे मिटून एक पुंजका ओढी आणि त्याला कळे. मग माझ्याजवळ येऊन उभा राही. बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो, ती रीत सगळ्यांना माहीत आहे. आमच्या दोघांची रुमालाखालची भाषा वेगळी होती. त्याने माझं एक बोट धरलं तर माल पहिल्या वेचणीचा, दोन धरली तर दुसरीचा, तीन धरली तर शेवटचा मिसळलेला. तोंडाने एक अक्षर नाही. समोरचा शेतकरी आम्ही भाव करतो आहोत असं समजे आणि मी त्या बोटांवर घासाघीस सुरू करी. त्या रुमालावर मी उभा राहिलो, हे नाकारत नाही.

मग अमेरिकेतली लढाई पेटली. तिकडचा कापूस अडला आणि विलायतेच्या गिरण्यांनी आमच्याकडे तोंड वळवलं. ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना सांगायची गरज नाही आणि ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना पटणार नाही. बैलांच्या शिंगांना चांदी लागली. जो तो दलाल झाला. आणि नेमकं त्याच वेळी किसनच्या झाडांना तोडण्याजोगं पान आलं.

पहिल्या वर्षी मी ते हसण्यावारी नेलं. फाल्गुनात तो वर गेला. काही दिवसांनी मीही एलिचपूर मागे टाकून घाट चढलो, त्याला लवकर खाली आणावं म्हणून. पाहतो तर डोंगराच्या उतारावर कमरेएवढी झुडपं आणि त्यांच्यात भातकुलीच्या बायका. कापूस सरला की त्यांना काम नसतं, म्हणून त्याने त्यांना गाडीत घालून वर आणलं होतं. बायका भराभर पानं तोडत होत्या, ओटे भरत होत्या आणि किसन बांधावर डोकं धरून बसला होता.

''काय झालं?'' मी विचारलं.

''काय होईन? मोठं पान तोडून राहिल्या अन् शेंडा ठेवून राहिल्या.''

चहाला लागतो तो फांदीचा शेंडा, म्हणजे मिटलेली कळी आणि तिच्या खालची दोन कोवळी पानं. जून झालेलं पान कातडं. आणि या बायका नेमकं जून पान घेत होत्या. त्यांचंही चूक नव्हतं. त्यांचा सगळा जन्म कापसात गेलेला. कापसात उमललेलं बोंड घ्यायचं आणि मिटलेलं पुढच्या फेरीसाठी झाडावर ठेवायचं. मिटलेल्या बोंडाला जिने हात लावला तिला आमच्याकडे कोणी दुसऱ्यांदा शेतात घेत नाही. त्यांची म्होरकी सोनाबाई कमरेवर हात ठेवून मला म्हणाली, ''हा किसना म्हनते, कोंब तोडा. लेकरू हाये थे झाडाचं! उमलू तर द्या त्याले. उद्या झाड मले शिव्या देईन.''

किसनने सांगून पाहिलं होतं, स्वतः तोडून दाखवलं होतं. त्याच्यासमोर दोन शेंडे तोडत आणि पाठ फिरली की हात आपोआप मोठ्या पानावर जाई. मी त्या झुडपांकडे पाहिलं आणि मला हरभरा आठवला. हरभरा वीतभर झाला की त्याचे शेंडे याच बायका दरवर्षी खुडतात, भाजीसाठी. खुडल्यावर झाड रागावत नाही, उलट फुटतं, पसरतं. मी सोनाबाईला म्हणालो, ''माय, हा कापूस नाही. याले वेचू नको. हरभऱ्याची भाजी खुडतेस ना? तशी खुड.'' तिने माझ्याकडे पाहिलं, झुडपाकडे पाहिलं, आणि तिची बोटं बदलली. नखाने शेंडा टुचकन तोडला. ''असं होय? मंग हे काहून नाही सांगत थो मेला!'' अर्ध्या दिवसात सगळा उतार खुडून झाला.

ही युक्ती माझी. साहेबाने पुढे किसनची पाठ थोपटली, बायांना त्याने कसं वळण लावलं म्हणून. माझं नाव किसनने घेतलं असेल असं मला कधी वाटलं नाही. ही माझी पहिली तक्रार.

पण त्या रात्री जेवताना तो लोभात होता आणि मला सगळं समजावून सांगत होता. म्हणाला, ''कापसाले वेचनीनं भाव, याले ऋतूनं चव. झाड थंडीत झोपते. तवा जो रस साठते थो चैतात सगळा शेंड्याले येते, पण सावकाश, कारन रात्री अजून गार असतेत. त्या पानाचा चहा पाहशीन तर पानी फिकट, सोन्यावानी, अन् वास असा का आंब्याचा मोहोर वाऱ्यानं आला अन् गेला. मंग उन्ह तापते. वैशाख-जेठाचं पान लहान, घट्ट. त्याचा रंग लाल अन् चव गोडसर, अंगात भरनारी. पावसात झाड पिसाळते. रोज वाढते. पान मोठं, पान्यानं भरलेलं, वास नाही, नुसता काळा रंग अन् कडकपना. त्याले सुकवाले हवा बी कोरडी भेटत नाही. अन् दसरा झाला का झाड पुना सबुरीनं घेते. ते कार्तिकातलं पान मवाळ. म्हाताऱ्या मानसावानी.'' मी म्हणालो, ''म्हणजे चैताचा एक बोट, पावसाचा तीन.'' तो मांडीवर थाप मारून हसला. म्हणाला, ''समजलं तुले!''

मला तो चैत्राचा चहा चाखायचा होता. पण त्या वर्षीचं पहिलं पान बायांच्या हाती बिघडलेलं. मी येण्याआधी त्याने ते कापडावर कोमेजवलं, तळहाताने मळलं, ओल्या फडक्याखाली तांबूस होऊ दिलं आणि कढईत भाजलं होतं; ते उकळत्या पाण्यात टाकून त्याने एक घोट घेतला. मग सगळं बांधाखाली ओतून दिलं. ''हे नाही पाजत तुले,'' म्हणाला. ''पुढच्या साली ये चैतात. पहिलं पान तुयं.'' नवं खुडलेलं पान तयार व्हायला दिवस जाणार होते आणि माझा बाजार खाली थांबलेला. मी उतरलो.

पुढच्या वर्षी भावाने आभाळ गाठलं. फाल्गुनात शेवटच्या वेचणीचा माल गाड्यागाड्यांनी येऊ लागला, आणि नेमक्या त्या दिवसांत किसनने कांबळं खांद्यावर टाकलं. मी त्याला भर बाजारात अडवलं. म्हणालो, असा बाजार जन्मात पुन्हा येणार नाही. सगळे पहिल्यात शेवटचं मिसळून राहिले, आता नाही तर कधी तुझा हात लागणार मला?

''कळी थांबत नाही, नाऱ्या. आठ दिसानं गेलो तर उमललेली राहीन.''

''अन् मी थांबतो? मायाकडे कोन पाहीन?''

''तूच हात घालून पाय नं, शेठ.''

शेठ म्हणाला. एवढं बोलून गेला. मी हात घालून पाहिला. माझा हात जिभेसारखाच धारदार आहे असा माझा समज होता. तो समज, अकोल्याला गाठी नेल्या तेव्हा, मुंबईच्या व्यापाऱ्याच्या माणसाने उतरवला. त्याने सगळ्यांसमोर माझ्या गाठींवर सुरी चालवली आणि आतून पिवळा, पाल्याने भरलेला कापूस ओढून काढला. बाजार हसला. ज्यांची ओझी मी कधी काळी वाहिली होती ते हसले. त्यानंतर कित्येक महिने माझ्या मालाला आधी सुरी लागे आणि मग भाव. हे सगळं कोणामुळे झालं, ते मी किसनला एका माणसाकरवी कळवलं. ज्या शब्दांत कळवलं ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

त्याने उत्तर दिलं नाही. दसऱ्यानंतर त्याची एक पुरचुंडी आली. आत चहा. मी वास घेतला. वास नव्हता. काळी, जाड, मोठ्या पानाची चुरी. पावसाळी पान! मला सगळं शिकवून ठेवलं होतं त्याने, त्यामुळे चूक व्हायला जागा नव्हती. डोंगरावरून आलेल्या लोकांकडून कळलं, चैत्राचं पान बंगल्यावर जातं. म्हणजे साहेबाला पहिली वेचणी आणि मला शेवटची. दरवर्षी दसरा झाला की पुरचुंडी यायची, दरवर्षी तीच. लढाई संपली, भाव कोसळले, जे कालपर्यंत चांदी मढवत होते ते बैल विकू लागले. पुरचुंडी चुकली नाही. मी ती फेकून द्यायला हवी होती. पण दूध आणि गूळ घालून उकळली की ती अंगात तरतरी आणायची. गादीवर आलेल्या माणसाला मी ती पाजत असे आणि प्रत्येक पेल्याबरोबर मनात म्हणत असे, एक दिवस विचारीन याला. त्या पौषातल्या दुपारीही विचारणार होतो. त्याची छाती पाहिली आणि विचारलं नाही.

तेराव्याला भातकुलीत माणसं पांगल्यावर मी रखमावहिनींपाशी बसलो. दुःखाच्या घरात असं विचारू नये, हे मलाही कळतं. पण माझं तोंड माझ्या ताब्यात कधीच नव्हतं. मी म्हणालो, ''वयनी, येवढंच सांगा. पहिलं पान साहेबाले, अन् मले पावसाचा कचरा काहून?''

त्यांनी पदर सावरला. मग म्हणाल्या, ''भावजी, साहेबाले जाये थे उरलेलं. पहिल्या खुडनीचं मडकं तुमच्या नावानं अलग राहे. तोंड मातीनं लिपून. मले हात लावू देत नव्हते.''

''मंग मले भेटलं काहून नाही?''

''तुमी आले काहून नाही? चैताचं पान टिकत नाही. दमट हवा लागली का वास जाते. थे तथीच बसून प्या लागते, वर. हे बैलाच्या पोयापर्यंत वाट पाहेत. पोया झाला का मडकं फोडत, वास घेत अन् म्हनत, गेलं, नाऱ्या काही आला नाही. मंग बायांले उकळून देत. अन् तुमच्यासाठी पावसाचं बांधत. म्हनत, हे मरत नाही. वर्षभर राहीन त्याच्यापाशी. दुधागुळाले हेच झेपते.''

मी चिडलो. खरंच चिडलो, तेराव्याच्या दिवशी, त्यांच्या ओट्यावर बसून. म्हणालो, निरोप का नाही धाडला? एका गाडीवाल्याजवळ एक शब्द सांगायला काय जात होतं?

''तुमच्या दोघाचे निरोप रुमालाखालून जात,'' वहिनी म्हणाल्या. ''तोंडानं सांगनं त्याईले कधी जमलं? अन् तुमाले तोंडानं आयकनं कधी जमलं?'' त्यांनी डोळे पुसले. ''मी पौषातच म्हनलं, आता तरी भावजीले सांगा, चैतात या म्हना. तुमी येऊन गेले तवा इचारलं. तर म्हने, सांगतलं. त्याले बरोबर सांगतलं...''

एक बोट.

मी रुमाल खांद्यावर टाकला. मी उठताना वहिनींनी आणखी एक गोष्ट सांगितली, सहज, उंबऱ्यात उभं राहून. यंदा बाया वर जाणार आहेत. किसन नसला तरी झाडं आहेत आणि सोनाबाईला आता सगळं येतं. नव्या मुलींना ती शिकवते. वर त्या कामाला 'नारायणभाऊची खुडनी' म्हणतात, पहिल्या वर्षापासून. किसननेच तसं म्हणायला लावलं. मी इतकी वर्षं खाली बसून ज्या नावासाठी जळत होतो, ते नाव त्या डोंगरावर दर चैत्रात बायकांच्या तोंडी होतं आणि खाली कोणी ते मला सांगायला आलं नाही.

माझी तक्रार मिटली, असं कोणी समजू नये. मी अजूनही म्हणतो, त्याने सांगायला हवं होतं. माणसाला जीभ दिली आहे ती कशाला? बोट धरून एवढं मोठं बोलणं करायचं आणि समोरच्याने ते ओळखायचं, हा न्याय कुठला? त्याच्याशी भांडायला आता तो नाही, ही माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे. अलीकडे मला लवकर थकायला होतं. गादीवर बसलो की समोरच्या माणसाचा भाव ऐकू येतो आणि उत्तर देण्याचा कंटाळा येतो. खुंटीला पावसाळी पानाची पुरचुंडी आहे, या दसऱ्याची, अर्धी उरलेली. मी ती जपून वापरतो. ती आता पुन्हा यायची नाही.

फाल्गुन लागला आहे. शेवटच्या वेचणीच्या गाड्या बाजारात उभ्या आहेत. काल मी गाडीवाल्याला बैल जुंपून ठेवायला सांगितलं, घाट चढायचा म्हणून. दिवाणजी घाबरला. म्हणाला, ''अशा दिवसांत? माल कोन पाहीन?''

''तूच हात घालून पाय,'' मी म्हणालो.

सामान फार घेतलेलं नाही. एक कांबळं, एक पेला. दूध-गूळ घ्यायचा नाही असं ठरवलं आहे. खांद्यावरचा रुमाल तेवढा बरोबर आहे. वर भाव करायला कोणी नाही, हे मला ठाऊक आहे.